हंगाम कात्रीचा

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात फिरायला कधी जावं, या प्रश्नाचं उत्तर पर्यटनाची माहितीपत्रकं एका दमात देऊन टाकतात: ऑक्टोबर ते मार्च. पाऊस थांबलेला असतो, ऊन बोचत नाही, संध्याकाळी फार तर स्वेटर लागतो. हवेपुरतं ते खरंही आहे. पण जो माणूस ऑक्टोबरच्या मध्यावर दिंडोरीच्या रस्त्याला लागतो, त्याला तारांवर बांधलेले वेलीचे आडवे फाटे, म्हणजे उघडेबोडके ओलांडे, आणि त्यांवर वीतभर उरलेल्या काड्या दिसतात, पान औषधालाही नाही. तोच रस्ता फेब्रुवारीच्या मध्यावर धरणाऱ्याला घडांनी लगडलेले मांडव दिसतात. दोघेही ‘सीझन’मध्येच गेलेले असतात. या दोघांना एकाच सल्ल्यात कोंबणारे लोक आकाश पाहून बोलतात, वेलीकडे पाहत नाहीत. माझं म्हणणं असं, की नाशिकचा द्राक्षहंगाम हवामानाने आयता दिलेला नाही. इथल्या बागायतदारांनी तो कात्री चालवून घडवला आहे आणि वाइनचा धंदा फार नंतर येऊन त्या तयार हंगामात बसला आहे. म्हणून तिथे जायची वेळ ठरवताना थर्मामीटरपेक्षा शेतीच्या इतिहासाचा उपयोग जास्त होतो.

युरोपात हा प्रश्न एवढा गुंतत नाही. तिथे वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते, उन्हाळ्यात घड भरते आणि साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकते. फ्रान्समध्ये बरगंडी प्रांतातल्या बोन या गावच्या 1354 ते 2018 या काळातल्या द्राक्षतोडणीच्या तारखा अभ्यासकांनी जुन्या दप्तरांतून जुळवून 2019 मध्ये प्रसिद्ध केल्या. तोडणी कोणत्या दिवशी सुरू करायची हे पूर्वी तिथले अधिकारी जाहीर करत आणि त्याआधी कुणी घडाला हात लावायचा नाही असा दंडक असे, म्हणून तर या तारखा कागदावर राहिल्या. 1987 पर्यंतची सरासरी 28 सप्टेंबर निघते आणि 1988 पासून ती तेरा दिवस अलीकडे सरकलेली दिसते. हवामान तापत असल्याचा पुरावा म्हणून ही यादी गाजली, ते योग्यच झालं. मला तिच्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. साडेसहाशे वर्षांत कडाक्याची थंडी पडली, उन्हाळे होरपळले, साथी आल्या, लढाया झाल्या, पण तोडणी उन्हाळ्याच्या उतारापासून शरदापर्यंतची चौकट सोडून गेली नाही. तिथल्या माणसाच्या हातात तारीख काही दिवस मागेपुढे करणं एवढंच होतं. ऋतू त्याच्या हातात नव्हता. दक्षिण गोलार्धात हेच चक्र सहा महिन्यांनी फिरलेलं असतं. अर्जेंटिनातल्या मेंडोसाचा द्राक्षोत्सव मार्चच्या सुरुवातीला होतो, तो त्यामुळेच. आता नाशिक आहे विषुववृत्ताच्या उत्तरेला, वीस अंशांवर, आणि तरी इथली तोडणी मेंडोसाच्या पंगतीला बसते. असं का, हे भूगोलाला एकट्याने सांगता येत नाही.

वेलीला झोपवणारा बर्फाळ हिवाळा दख्खनमध्ये नाही. पुरेसं पाणी मिळालं तर ती बारा महिने हिरवी राहते आणि छाटली की पुन्हा फुटते. या गोष्टीची साक्ष फार जुनी आहे. इब्न बतूता 1342-43 च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाचा वकील म्हणून चीनला निघाला, तेव्हा वाटेत दौलताबादेला थांबून पुढे नंदुरबारकडे गेला. दौलताबादेत द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. मोरोक्कोपासून मध्य आशियापर्यंतचे द्राक्षमळे पाहिलेल्या माणसाला हे नोंदवण्याजोगं वाटलं, यातच सगळं आलं. तमिळनाडूतल्या कंबम खोऱ्यात आजही वर्षभर कुठे ना कुठे तोडणी चालू असते. ब्राझीलच्या साओ फ्रान्सिस्को खोऱ्यात एका बागेत घड पिकत असतात तेव्हा शेजारच्या बागेत नुकती छाटणी झालेली असते. अशा ठिकाणी कधी जावं हा प्रश्नच उरत नाही, कधीही जावं. नाशिकलाही हे अशक्य नव्हतं. मग इथे वर्षात एकच हंगाम कसा उरला?

कारण इथल्या शेतकऱ्याने दुसऱ्या पिकावर पाणी सोडलं. पावसाळ्यात पिकणारं द्राक्ष आंबट निघतं, मणी फुटतात, घड कुजतो, डाऊनी आणि भुरी हे रोग बाग खाऊन टाकतात. सह्याद्रीच्या पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होत जातो. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस निफाडला पोचेपर्यंत पाचशेच्या आसपास येतो. तरीसुद्धा त्या पाचशेतला बहुतेक पाऊस चार महिन्यांतच पडतो आणि नेमका तेव्हा घड वेलीवर असणं परवडत नाही. म्हणून महाराष्ट्रात रीत पडली ती दोनदा छाटायचं आणि पीक एकदाच घ्यायचं, अशी. कंबमचा शेतकरी दोन छाटण्यांतून दोन पिकं काढतो. नाशिकचा शेतकरी पहिली छाटणी निव्वळ लाकडासाठी करतो, वर्षाचे निम्मे कष्ट फळाशिवाय घालवतो आणि त्या बदल्यात एकमेव पीक कोरड्या, थंड हवेत आणून बसवतो. या निर्णयाला कुणा एकाचं नाव नाही. पण दख्खनच्या बागायतीतला हा मला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो, कारण यात हाताशी आलेलं पीक मुद्दाम नाकारलेलं आहे.

हे दोन टप्पे जवळून पाहिले तरच हंगामाचा हिशेब कळतो. माल संपला की बागेला थोडी विश्रांती देऊन एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. गेल्या वर्षीची काडी ओलांड्याजवळ एखादा डोळा ठेवून खाली उतरवली जाते आणि भर उन्हाळ्यात वेल नव्याने फुटते. फेलफूट, म्हणजे नको असलेली फूट, काढली जाते, राहिलेली फूट सात-आठ पानांवर आली की शेंडा मारून तिच्यावर बाजूची नवी फूट, म्हणजे सबकेन, घेतली जाते. आणि त्या रणरणत्या उन्हात, छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांत, नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या घडाचा गर्भ धरतो. डोळ्यांना दिसत नाही असा हा घड ऊन आणि उष्णता मागतो. ढगाळ मे गेला तर डोळे वांझ राहतात आणि ऑक्टोबरात कितीही खत घातलं तरी घड वाढत नाहीत. पावसाळाभर ही काडी पिकवायची, म्हणजे हिरवीची तपकिरी करायची, आणि रोगापासून वाचवायची. त्यासाठी लागणारं मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण 1885 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिलार्दे या प्राध्यापकाने डाऊनीवरचा उपाय म्हणून पुढे आणलं. आज पिंपळगाव बसवंतच्या कृषी सेवा केंद्रात ‘बोर्डो’ मागणाऱ्या शेतकऱ्याला मिलार्दे ठाऊक नसतो आणि नसला तरी काही अडत नाही. पुढे पाऊस ओसरला की ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजेच फळछाटणी. काडी सहा-आठ डोळ्यांवर कापायची, पान झाडून टाकायचं, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून प्रत्येकावर डॉर्मेक्सची पेस्ट लावायची. ही पेस्ट म्हणजे वेलीची फसवणूक आहे. जो हिवाळा तिने भोगलाच नाही, तो संपल्याचा निरोप तिला रसायनाने दिला जातो. तिथून डोळा फुगून पोंगा होणं, फुलोरा, मणी धरणं, मण्यात पाणी उतरणं आणि काढणी असे साधारण चार-साडेचार महिने जातात. बागायतदार या काळात कॅलेंडर क्वचितच बघतो. आज छाटणीचा कितवा दिवस, एवढंच विचारतो आणि फवारणी, पाणी, मजूर सगळं त्या आकड्यावर चालतं.

यातला आकडा मोजायला जिथून सुरुवात होते ती तारीख शेतकरी निवडतो, आणि म्हणूनच हंगाम त्याचा. याचा सर्वांत ठळक पुरावा बागलाणात आहे. सटाणा परिसरातले कित्येक बागायतदार जून-जुलै-ऑगस्टातच फळछाटणी करतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरात पूर्वहंगामी माल बाजारात आणतात. त्या वेळी दुसऱ्या कुणाकडे द्राक्षं नसतात, त्यामुळे भाव चढा मिळतो. फुलोऱ्यावर पाऊस पडला तर मात्र घड बागेतच कुजतात. 2019 च्या लांबलेल्या परतीच्या पावसाने आणि त्यामागून आलेल्या नोव्हेंबरच्या सरींनी बागलाणातल्या पूर्वहंगामी बागा झोपवल्या, ती ताजी आठवण आहे. एकाच जिल्ह्यात, शेदीडशे किलोमीटरच्या आत, एका गावची तोडणी नाताळाआधी उरकते आणि दुसऱ्या गावची गुढीपाडव्याच्या तोंडावर संपते. हवामान हाच हंगामाचा बाप असता तर हे घडलं नसतं. तारखेच्या निवडीत हवेइतकाच बाजाराचा हात आहे. 1991 मध्ये बागायतदारांच्या सहकारी संस्थांची महाग्रेप्स उभी राहिली आणि नाशिकचा माल युरोपात नियमित जाऊ लागला, तेव्हा फेब्रुवारी ते एप्रिल ही तिथल्या बाजारातली फट इथल्या छाटणीचं वेळापत्रक ठरवू लागली. मजुरांचाही वाटा आहे, असा माझा तर्क आहे. निफाड-दिंडोरीच्या बागांत छाटणी, पेस्ट आणि विरळणी करणाऱ्या टोळ्या मोठ्या संख्येने सुरगाणा-पेठच्या डोंगरातून उक्त्या कामावर येतात. जून-जुलैत त्यांची स्वतःची भात-नागलीची लावणी असते, तेव्हा त्या मिळत नाहीत. दिवाळीच्या आगेमागे हात मोकळे होऊ लागतात. ऑक्टोबरची छाटणी डोंगरातल्या भातशेतीच्या घडीत इतकी चपखल बसते, की ते निव्वळ योगायोगाने झालं असेल हे पटत नाही.

आता वाइनकडे. ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी 1925 मध्ये द्राक्षशेतीचा प्रयोग केला, तिथून नाशिकच्या आधुनिक द्राक्षकथेची सुरुवात मानतात. भोकरी, फकडी, साहेबी या जुन्या जाती होत्या. नंतर अनाबेशाही आली, त्यानंतर बिनबियांच्या थॉमसनने सगळ्यांना मागे सारलं. सांगलीकडे तासगाव भागात थॉमसनमधूनच तास-ए-गणेश निवडली गेली. ही सगळी खायची द्राक्षं. वाइनचा गंभीर प्रयत्न 1980 च्या दशकात पुणे जिल्ह्यात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी केला. त्यांची फसफसणारी ‘ओमर खय्याम’ परदेशात गेली, पण तिने नारायणगावला पाहुणे आणले नाहीत, कारण तेव्हा वाइन बनते ती जागा पाहायला जाणं ही कल्पनाच आपल्याकडे नव्हती. नाशिकला राजीव सामंत यांनी 1997 मध्ये गंगापूर धरणाजवळ सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां लावल्या आणि 2000 मध्ये त्यांच्या सुला या वायनरीची पहिली वाइन बाजारात आली. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली, विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क निघाले. आता गंमत अशी, की या फ्रेंच जातींनी फ्रान्सची एकही तारीख सोबत आणली नाही. त्यांनाही एप्रिलची खरड आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणीच लागू झाली. पांढऱ्या जाती जानेवारी-फेब्रुवारीत आणि शिराज, कॅबर्ने यांसारख्या लाल जाती फेब्रुवारी-मार्चात उतरू लागल्या. वाइनला तर हा हंगाम खाण्याच्या द्राक्षापेक्षाही जास्त मानवतो. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर जानेवारीच्या रात्री चांगल्या गार पडतात, निफाडला पारा कधी पाच अंशांखाली उतरतो, आणि गार रात्रीत मण्यातलं आम्ल टिकून राहतं. पांढऱ्या वाइनचा तजेला त्या आम्लावर अवलंबून. म्हणजे भोकरी आणि थॉमसन पिकवणाऱ्यांनी पाऊस टाळण्यासाठी जे वेळापत्रक बसवलं, ते वाइनवाल्यांना न मागता मिळालं. नाशिकच्या वाइनचा इतिहास सांगताना कॅलिफोर्नियाहून आलेल्या सल्लागारांची नावं घेतली जातात, ती घ्यावीतच. पण त्या यादीत वर्षातून दोनदा कात्री हाती घेणाऱ्या निफाडच्या शेतकऱ्याला जागा मिळत नाही, हा इतिहासलेखनातला मोठा दोष आहे.

पाहुण्यांचा हंगाम मात्र वेगळ्याच वाटेने आला. नाशिकला येणाऱ्यांची रीघ शतकानुशतकं आहे, पण ती द्राक्षासाठी नव्हती. सिंहस्थात मुख्य स्नानं पडतात ती गुरू आणि सूर्य दोन्ही सिंह राशीत असताना, म्हणजे श्रावण-भाद्रपदात. 2015 मध्ये ती ऑगस्ट-सप्टेंबरात झाली, आणि पुढची 2027 च्या पावसाळ्यात आहेत. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला तिसऱ्या श्रावणी सोमवारी लोटणारी गर्दीही पावसातलीच. सप्तशृंगीची चैत्रयात्रा खरड छाटणीच्या दिवसांत येते आणि वणीकडे चालत निघालेले खानदेशातले भाविक कळवणच्या वाटेने नुकत्या खरडलेल्या बागांशेजारून जातात. निवृत्तिनाथांची यात्रा तेवढी पौष वद्य एकादशीला, ऐन द्राक्षाच्या भरात, त्र्यंबकेश्वरी भरते. तिच्या दिंड्या नगरकडून, निफाडकडून घडांनी भरलेल्या बागांमधून चालत येतात, पण वारकऱ्याचं लक्ष घडाकडे नसतं आणि त्याने ते द्यावं अशी अपेक्षाही नाही. थोडक्यात, देवाला येणाऱ्या पाहुण्यांचं पंचांग आणि वेलीचं पंचांग यांचा नाशिकमध्ये कधी मेळ घातला गेला नव्हता. वायनऱ्यांनी तो घातला. सुलाने 2005 मध्ये टेस्टिंग रूम उघडली आणि 2008 मध्ये फेब्रुवारीत संगीताचा उत्सव सुरू केला. द्राक्षं तुडवण्याचे कार्यक्रम तोडणीला जोडून येऊ लागले. मुंबईहून चार तासांत पोचणाऱ्या माणसाला नाशिकला यायचं एक निधर्मी कारण मिळालं, आणि तेही वेलीच्या खऱ्या वेळेशी जुळलेलं. उत्सवाचा गोंगाट ज्यांना आवडत नाही त्यांनीही एवढं मान्य करावं.

यावर पहिला आक्षेप पावसाळा आवडणाऱ्यांचा. त्यांच्या मते नाशिक पाहावं ते जुलै-ऑगस्टमध्येच: अंजनेरी-ब्रह्मगिरीवर ढग उतरलेले, गंगापूर धरण भरलेलं, इगतपुरीच्या घाटात धबधबे, आणि द्राक्षाचे मांडव गर्द हिरवे. वायनऱ्यांच्या गच्च्या शनिवार-रविवारी पावसाळ्यातही भरतात, म्हणजे लोकांनी पायांनी मत दिलेलंच आहे. सह्याद्री पाहायला पावसाळ्याइतकी चांगली वेळ नाही, यावर वाद घालायचं कारण नाही. पण त्या वेळी मांडवाखाली जे हिरवं दिसतं ते पान आहे, त्यात घड शोधून सापडायचा नाही. वेल तेव्हा फळ देत नसते, तिला जगवलं जात असतं. पावसाने उघडीप दिली की ट्रॅक्टरवरचा ब्लोअर घेऊन शेतकरी फवारायला धावतो, चिखलात चाकं रुततात, पानांच्या मागे डाऊनीची पांढरी लव शोधली जाते. वायनरीत टाक्या शांत असतात, गेल्या हंगामाची वाइन बाटल्यांत गेलेली किंवा पिंपात असते. ज्याला डोंगर पाहता पाहता एक ग्लास घ्यायचा आहे त्याने खुशाल पावसात जावं. त्याने द्राक्षपट्टा पाहिला असं मात्र म्हणू नये. त्याने भरलेल्या धरणाकाठी बसून वाइन घेतली, आणि तेही काही वाईट नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तोडणी म्हणजे शेतकऱ्याची आणि वाइनमेकरची जिवावरची धावपळ. त्या वेळी पाहुण्यांनी जाऊन गर्दी कशाला करायची? युरोपातली लहान घराण्यांची तळघरं तोडणीच्या आठवड्यांत पाहुण्यांना नको म्हणतात, आणि ते समजण्याजोगं आहे. नाशिकमध्ये परिस्थिती दोन थरांची आहे. मोठ्या वायनऱ्या पाहुण्यांसाठीच बांधलेल्या आहेत. त्यांच्याकडे वाट, रेलिंग, वाटाड्या सगळं असतं आणि फेब्रुवारी हा त्यांचा कमाईचा महिना. पण त्यांना द्राक्षं पुरवणारे कित्येक करारशेतकरी आहेत, आणि त्यांच्यापलीकडे जिल्ह्यातल्या द्राक्षक्षेत्राचा फार मोठा भाग खायच्या द्राक्षाचा आहे. वाइनचा हिस्सा त्यात थोडाच. निर्यातीच्या बागेत औषधांचे अंश तपासले जातात, व्यापाऱ्याशी सौदा ठरलेला असतो, क्रेट मोजून जातात. तिथे फोटोसाठी घुसणारा माणूस नकोसाच वाटणार. तेव्हा आक्षेप अर्धा मान्य करावा लागतो. हंगामात जावं, पण जिथे बोलावलंय तिथे. आणि बोलावलेल्या जागी तोडणी पाहायची तर उशिरा उठून चालत नाही. वाइनची द्राक्षं पहाटे किंवा सकाळी लवकर हाताने तोडतात, म्हणजे ऊन तापायच्या आत क्रेट वायनरीत पोचतात. तोडायचा दिवस ठरवण्यासाठी ओळीओळीतून मणी गोळा करून त्यांचा रस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकतात आणि उजेडाकडे धरून साखर वाचतात. खायच्या द्राक्षाला अठरा ब्रिक्सच्या (साखरेच्या मापाच्या) आसपास भागतं, वाइनला बावीस-चोवीसपर्यंत वाट पाहावी लागते. ही वाट पाहण्याची हिंमत कुणात किती, यावरही वायनऱ्या एकमेकींपासून वेगळ्या पडतात. दुपारी बारा वाजता, नाश्ता आटोपून, टोपी घालून आलेल्या पाहुण्याला यातलं काहीच दिसत नाही, फक्त धुतलेले क्रेट दिसतात. जाता जाता एक: प्रजासत्ताक दिनाला जोडून येणारी सुट्टी साधून जाणारे दरवर्षी एक गोष्ट विसरतात. 26 जानेवारीला ड्राय डे असतो.

तिसरा आक्षेप काळाचा आहे, आणि तो सर्वांत कठीण. हवामानच भरवशाचं राहिलं नाही, मग जानेवारी-फेब्रुवारीला हंगाम म्हणायचं कशाच्या जोरावर? नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळाने फुलोऱ्यातल्या बागा धुऊन काढल्या. त्या वर्षी मंदीमुळे वाइनची मागणीही ओसरली होती, टाक्यांत माल पडून होता आणि कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या जाती उपटून पुन्हा थॉमसन लावली. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चात गारपिटीने काढणीला आलेले घड फोडले. 26 नोव्हेंबर 2023 ला निफाड परिसरात पुन्हा गारा पडल्या. थंडीचीही तऱ्हा तीच. पारा फार उतरला की मणी तडकतात, म्हणून निफाडचे शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे पाणी सोडतात. हे सगळं खरं असूनही माझ्या म्हणण्याला त्याने बाध येत नाही, उलट आधार मिळतो. बोनचा शेतकरी बदलत्या हवेमागे तेरा दिवस ओढला गेला. नाशिकचा शेतकरी पाऊस लांबला तर छाटणीच पुढे ढकलतो, काही जण एकाच शेतात टप्प्याटप्प्याने छाटतात, म्हणजे एका गारपिटीत सगळं जाणार नाही. प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली बाग घेण्याचे प्रयोगही याच हिशेबातले आहेत. याची किंमत तो मोजतो आणि कित्येकदा ती त्याला झेपत नाही, कर्जात बुडलेल्या बागायतदारांना हे शहाणपण शिकवायची गरज नाही. पण हंगाम सरकवण्याची कळ अजून त्याच्याच हातात आहे. पाहुण्याने समजून घ्यायचं ते एवढंच, की जानेवारीची अखेर ही काही पंचांगातली तिथी नव्हे. गेल्या ऑक्टोबरात पाऊस रेंगाळला असेल तर ती तारीख फेब्रुवारीत गेलेली असते.

म्हणून कधी जावं याचं माझं उत्तर असं. सर्वसाधारण वर्षात जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचे चार-पाच आठवडे. त्यातही पूर्वार्ध पांढऱ्या वाइनमध्ये रस असणाऱ्याने धरावा. तेव्हा शेनिन आणि सोव्हिन्यों उतरत असतात, पंधरा अंशांच्या आसपास थंड ठेवलेल्या टाक्यांत त्यांचा रस हळूहळू आंबत असतो आणि लाल जातींचे घड अजून मांडवावर काळेभोर लटकलेले असतात, म्हणजे एकाच फेरीत काम आणि प्रतीक्षा दोन्ही दिसतात. उत्तरार्धात शिराज येते, लाल वाइनच्या टाक्यांवर सालींचा जाड थर चढतो आणि तो भिजवण्यासाठी दिवसातून अनेकदा खालचा रस वर फिरवला जातो. मार्च लागला की दुपार तापते, घाई वाढते आणि पाहणाऱ्याचा उत्साह शेतकऱ्याच्या आधी संपतो. निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज पाहण्यापेक्षा वायनरीत फोन करून यंदा छाटणी कधी झाली होती ते विचारावं. फोन घेणाऱ्याला प्रश्न थोडा विचित्र वाटेल, पण मिळणारी तारीख कुठल्याही माहितीपत्रकातल्या महिन्यांपेक्षा खरी असेल.

आणि ज्याला एकदा पाहून पुरेसं वाटत नाही, त्याने दुसऱ्या खेपेला ऑक्टोबर धरू नये, जरी छाटणीचा तमाशा तेव्हा मोठा असला तरी. मे धरावा. पर्यटनाच्या दृष्टीने तो नाशिकचा सर्वांत नावडता महिना. पारा चाळिशीला टेकलेला, बागांत एकही घड नाही, टेस्टिंग रूममध्ये दुपारी खुर्च्या रिकाम्या. पण पुढच्या फेब्रुवारीत किती घड येणार हे त्याच दिवसांत काडीच्या डोळ्यात ठरत असतं, आणि बागायतदार काही डोळे कापून प्रयोगशाळेत पाठवतात, सूक्ष्मदर्शकाखाली आतला घड तपासून घेतात. मजूर कमी असतात, व्यापारी फिरकत नाहीत, फवारणीचा ताण पावसाळ्याइतका नसतो. द्राक्षाच्या शेतकऱ्याला बोलायला फुरसत सापडते ती साधारण याच दिवसांत, तीही सकाळी नऊच्या आत.